काचेच्या पेटीतला कोळी आणि आपले अणुव्रत



माझे मत आधीच सांगते. श्रावकाच्या घरात हौसेखातर टॅरँटुला विकत आणू नये. पण एकदा आणलाच असेल, तर त्याला नीट घर दिल्यावाचून आपली सुटका नाही.

विषय निघाला तो अमेरिकेतल्या माझ्या नातवामुळे. त्याने ‘पिंकटो’ जातीचा कोळी आणला आहे. हा दक्षिण अमेरिकेच्या उत्तर भागातला, झाडावर राहणारा. अंग काळसर, मखमली आणि पायांची टोके गुलाबी. लेक म्हणते, “आई, बाहेर सोडून दे म्हणावं त्याला, घरात पाप नको.” नातू म्हणतो, “आजी, मी मारत नाही, सांभाळतोय.” दोघांचेही अर्धे-अर्धे बरोबर आहे.

कोळी हा चतुरिंद्रिय जीव, हे आपण पाठशाळेत शिकलो. स्पर्श, रस, गंध आणि दृष्टी त्याला आहे, कान नाहीत. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचारही आपल्याला पाठ आहेत. त्यांतला पहिला बंध, शेवटचा अन्नपाननिरोध. झाडावरच्या जीवाला पेटीत कोंडले की पहिला लागतो, दया म्हणून त्याला उपाशी ठेवले की शेवटचा. आणि तो काही डाळभात खाणार नाही. त्याला जिवंत रातकिडे लागतात.

मी वाणिज्य शाखेची, म्हणून हिशेब मांडते. मोठ्या कोळ्याला दहा दिवसांतून एक रातकिडा धरला, तरी वर्षाला ३६ झाले. मादी दहा वर्षे सहज जगते, म्हणजे ३६० जीव. एका शोभेच्या प्राण्यासाठी एवढा खर्च वहीत मांडायची आपली तयारी आहे का? दुकानात पैसे देण्याआधी हा आकडा मुलांना सांगावा. रागावण्यापेक्षा याचा उपयोग जास्त होतो.

आता लेकीचे म्हणणे. बाहेर सोडणे ही जीवदया नव्हे. गरम, दमट रानातला हा जीव तिकडच्या बर्फात टिकणार नाही. आपल्या पांजरापोळात जीव एकदा आत घेतला की शेवटपर्यंत सांभाळतात. तोच न्याय इथे. जाणकार माणूस त्याला घ्यायला तयार असेल तर द्यावा, नाहीतर घरातच नीट ठेवावा.

नीट म्हणजे कसा? जमिनीवरच्या कोळ्याला पसरट पेटी चालते, झाडावरच्याला उंची लागते. मोठ्या पिंकटोला साधारण ८ इंच लांब, ८ इंच रुंद आणि १२ इंच उंच पेटी पुरते. दार समोरून उघडणारे असावे, कारण तो जाळे वरच्या बाजूला विणतो. झाकण वरून उघडले तर दर वेळी त्याचे घरच मोडते.

सगळ्यांत महत्त्वाची हवा. पेटीच्या समोरासमोरच्या बाजूंना झरोके हवेत, म्हणजे वारा आरपार खेळतो. रानातला कोळी म्हणून पेटी बंद ठेवून सतत पाणी फवारायचे, असे पूर्वी सांगत. त्या कोंदट ओलीत हे कोळी मरतात. आपल्या डब्यातल्या ओल्या पोळीला बुरशी धरते, तशातलाच प्रकार. त्याऐवजी पाण्याची छोटी वाटी कायम भरलेली ठेवावी आणि तळाच्या कोकोपीटचा एक कोपरा अधूनमधून ओला करावा. कोळ्याच्या अंगावर फवारा मारू नये.

तळाला दोन-तीन इंच कोकोपीट पुरे. त्यावर कॉर्कच्या सालीचा तुकडा उभा टेकवावा आणि वरच्या भागात प्लास्टिकची पाने लावावीत. साल आणि पाने यांच्या आधाराने तो जाळ्याची नळी विणतो आणि दिवसभर तिच्यात बसतो. आपल्या घरातली ऊब त्याला पुरते. दिवा लावून तापवू नये, उन्हात ठेवू नये. कान नसले तरी पायांवरच्या केसांना बारीकसा कंपही कळतो, म्हणून पेटी टीव्हीच्या स्पीकरजवळ किंवा धाडकन लागणाऱ्या दाराजवळ नको.

कात टाकायच्या आधी तो खाणे सोडतो. तेव्हा रातकिडा आत टाकू नये, कारण कात टाकून मऊ पडलेल्या कोळ्याला तोच चावतो. एरवीही न खाल्लेला रातकिडा दुसऱ्या दिवशी बाहेर काढावा. भूक नसताना आत टाकलेला जीव ही तर निव्वळ अनर्थ हिंसा. आणि कोळी हातावर घेऊन फोटो काढू नयेत. तो चपळ आहे, घाबरून उडी मारतो, आणि पडून पोट फुटले की जगत नाही.

हे सगळे यतनेने करणे म्हणजे कोळी पाळण्याला परवानगी नव्हे. घेतलेल्या कर्जाचा हप्ता भरला, म्हणून कर्ज काढणे शहाणपणाचे ठरत नाही.

आपल्या देशातल्या मुलांसाठी एक सांगते. झाडावरचे टॅरँटुला आपल्याकडेही आहेत. त्यांतला आंध्र प्रदेशातला निळा कोळी गुत्ती गावाजवळ सापडला आणि १८९९ साली त्याचे वर्णन झाले. आज तो अतिसंकटग्रस्त आहे. जंगल तुटते आहे, आणि त्याच्या रंगामुळे जगभरच्या हौशी लोकांची नजर त्याच्यावर आहे. २०१९ साली त्याच्या संपूर्ण जातकुळीचा जागतिक व्यापार ‘साइटिस’ कराराच्या नियंत्रणाखाली आला. तेव्हा रानातून कोळी धरून आणणे आपल्या व्रतातही बसत नाही आणि त्या जीवालाही परवडत नाही.

प्रतिक्रमणात आपण चौऱ्याऐंशी लक्ष योनींतल्या जीवांची क्षमा मागतो. त्यांत चतुरिंद्रियांच्या दोन लक्ष आहेत, कोळी त्यांतलाच. नातवाला मी एवढेच सांगितले आहे : हा आहे तोवर त्याचे पाणी, हवा, झाड चुकवू नकोस, त्याची पिल्ले वाढवू नकोस आणि हा गेल्यावर दुसरा आणू नकोस. पहिल्या दोन गोष्टी त्याने लगेच मान्य केल्या. तिसऱ्यावर आमचे बोलणे अजून चालू आहे.