हृषीदा आणि रुग्णाची खाट



आज सिनेमाची गोष्ट. दिग्दर्शक हृषीकेश मुखर्जी, म्हणजे सगळ्यांचे हृषीदा, यांच्या चित्रपटांतले आमचे आवडते प्रसंग. हृषीदा कलकत्त्याचे, जन्म १९२२चा. मुंबईत बिमल रॉय यांच्या हाताखाली त्यांनी संकलनाचे काम केले. १९५७ साली 'मुसाफिर' हा स्वतःचा पहिला चित्रपट काढला नि पुढे १९९८पर्यंत चाळीसच्या वर काढले. २००६ साली ते मुंबईतच वारले. त्यांच्या विनोदाबद्दल सगळे बोलतात. आम्ही पडलो नर्स, आमची नजर जाते ती खाटेकडे. या माणसाला आजारी माणूस दाखवता येत होता, आणि त्याच्या भोवतीची माणसेही. हे वाटते तितके सोपे नाही हं. इतर सिनेमांत रुग्ण लांबलचक भाषण करतो, मान टाकतो, आणि बाहेर वीज कडाडते!

'आनंद' १९७१ साली लागला तेव्हा आम्ही मुंबईत नर्सिंग शिकत होतो. होस्टेलच्या सात-आठ मुली परवानगी काढून गेलो, त्या खरे तर चुका काढायला. पण पहिल्याच प्रसंगात गप्प बसलो. आनंद मेलेला आहे, हे तिथेच सांगून टाकतात. डॉक्टर भास्करने त्याच्यावर पुस्तक लिहिले आहे, त्याला बक्षीस मिळते आहे, आणि मग मागची गोष्ट सुरू होते. म्हणजे 'वाचेल का?' हा प्रश्नच उरत नाही.

आनंदला आतड्याचा कॅन्सर आहे आणि ते त्याला स्वतःला ठाऊक आहे. त्या काळी वॉर्डात हा शब्द रुग्णासमोर कोणी उच्चारत नसे. नातेवाईक आम्हाला दाराबाहेर गाठून बजावायचे, "सिस्टर, त्यांना काही कळू देऊ नका." आणि रुग्णाला तर सगळे कळलेले असायचे. तो आमच्याकडे बघायचा, आम्ही चार्टकडे. 'आनंद'मध्ये उलटे आहे. रुग्णच डॉक्टरला धीर देतो, चिडवतो, हसवतो. भास्कर खरे बोलणारा. काही आजार नसलेल्या श्रीमंताला तो सरळ तसे सांगून मोकळा होतो. त्याचा मित्र डॉक्टर कुलकर्णी अशांना गोळ्या देतो, फी घेतो, आणि त्यातून गरिबांचे भागवतो. यांत बरोबर कोण? आमच्या होस्टेलमध्ये यावर आठवडाभर भांडण चालले. कुलकर्णी झालेले रमेश देव आणि त्यांची बायको झालेल्या सीमाताई खरोखरच नवरा-बायको होते. २०२२ आणि २०२३ साली, एकामागून एक, दोघेही गेले.

आणि मेट्रन डिसा! ललिता पवार. एरवी सिनेमात सुनेला छळणारी सासू, पण इथे बाहेरून कडक नि आतून आई. अशी मेट्रन आम्ही पाहिली आहे, तिला घाबरलो आहोत, आणि तिच्या निरोपाच्या दिवशी रडलोही आहोत.

शेवटी भास्कर औषध आणायला बाहेर जातो आणि तेवढ्यात आनंद जातो. हे लिहिणाऱ्याने वॉर्ड पाहिलेला असणार. तीन-तीन रात्री उशाशी बसलेला मुलगा पाच मिनिटे चहाला उतरतो, आणि नेमके तेव्हाच. मग तो आम्हाला विचारतो, "सिस्टर, काही बोलले का हो?" याला काय उत्तर द्यायचे हे कुठल्याही पुस्तकात शिकवलेले नव्हते. भास्करही मेलेल्या मित्रावर ओरडतो, 'बोल' म्हणून. आणि टेप चालूच राहिलेली असते, तिच्यातून आनंदचा आवाज येतो. आम्ही आठही जणी रडलो, चुका-बिका राहिल्या बाजूला.

त्याआधी १९५९चा 'अनाडी'. त्यातही ललिताबाई, आणि आडनावही डिसाच! राज कपूर हा त्यांचा भाडेकरू. या मिसेस डिसा कंपनीचे विषारी औषध घेऊन मरतात, आणि आळ येतो भाडेकरूवर. लोकांना तेव्हा ते सिनेमातले वाटले असेल. पण १९८६ साली मुंबईच्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात भेसळीच्या ग्लिसरॉलने १४ रुग्ण दगावले, न्यायमूर्ती लेंटिन यांनी चौकशी केली. तेव्हा आम्हाला मिसेस डिसाच आठवल्या.

'मिली'वर मात्र आमची तक्रार आहे. चित्रपट १९७५चा, जया भादुरी फार गोड. पण आजार दाखवला पर्निशस अ‍ॅनिमिया, आणि सगळे हताश! अहो, १९४८ सालीच बी-१२ जीवनसत्त्व वेगळे काढले होते. आम्ही त्याची इंजेक्शने स्वतःच्या हाताने दिलेली आहेत, आणि रुग्ण चालत घरी गेलेले आहेत. हृषीदा, तेवढे एखाद्या सिस्टरला विचारायचे होते.

'सत्यकाम' (१९६९) मात्र बिनतोड. आयुष्यभर खोट्या कागदावर सही न केलेला सत्यप्रिय, म्हणजे धर्मेंद्र, मरणाला टेकलाय. कॅन्सरने वाचा गेलेली. बायको-मुलाच्या पुढच्या सोयीसाठी तो एका लबाडीच्या कागदावर सही करतो आणि कागद बायकोला देतो. ती तो फाडून टाकते. आणि तो हसतो! एक शब्द नाही. पुढे मुलगा सगळ्यांसमोर सांगतो की आपण त्यांचे खरे पुत्र नाही, आईनेच हे सांगितले आहे. तेव्हा कर्मठ आजोबांची, अशोक कुमारांची, मान खाली जाते. तो मुलगा झाली होती छोटी सारिका. बाळांनो, ती तुमच्याच वयाची होती.

आता आपला माणूस. डेव्हिड अब्राहम चेऊलकर, आडनावातच चौल. १९६९ साली पद्मश्री. 'सत्यकाम', 'अभिमान', 'चुपके चुपके', 'गोलमाल', 'खूबसूरत', हृषीदांनी त्यांना किती वेळा घेतले बघा. 'गोलमाल'मध्ये (१९७९) ते डॉक्टर आहेत, आणि औषध काय देतात, तर अमोल पालेकरला नोकरीसाठी सोंग घ्यायचा कानमंत्र! मिशीशिवाय माणूस भरवशाचा नाही, असे मानणारे उत्पल दत्त पाहून इथे हिब्रूत वाढलेली आमची नातवंडेसुद्धा लोळतात. 'चुपके चुपके'त धर्मेंद्र विचारतो की टी-ओ टू, डी-ओ डू, तर मग जी-ओचे काय? याचे उत्तर मराठी घरातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही.

नातवंडांबरोबर बघायचे असेल तर आधी 'गोलमाल', मग 'चुपके चुपके' लावा. 'आनंद'साठी मुले दहा-बारा वर्षांची होऊ द्या, आणि त्यांच्या शेजारी बसा. शेवटच्या अर्ध्या तासात चहा टाकायला मात्र उठू नका.