बाजाराची विद्या कोणासाठी?
कापसाच्या भावातील चढउतारांत कोण गबर होतो आणि कोण नागवला जातो, हे अमरावती-अकोल्याच्या शेतकऱ्याने पिढ्यान्‌पिढ्या सोसले आहे. आता त्याच्याच मुलांना भांडवलबाजाराचे कौशल्य शिकविले जात आहे. या विद्येला विरोध करण्याचे कारण नाही. ताळेबंद वाचता न येणारा श्रमिक भांडवलदाराशी झुंजणार कसा? प्रश्न आहे तो काय शिकवायचे याचा. ‘सेबी’ या नियामक संस्थेच्या २०२४ मधील पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे व ऑप्शन व्यवहारांत उतरलेल्या १०० व्यक्तींपैकी ९३ जण बुडाले. त्यांचा एकूण तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. तो पैसा हवेत विरला नाही. त्यातील मोठा वाटा दलालीत आणि बड्या देशी-परदेशी गुंतवणूकदारांच्या तिजोरीत गेला. हा हिशेब पहिल्याच तासाला न मांडणारा वर्ग म्हणजे सट्ट्यासाठी चाललेली भरतीच होय! अमरावती विद्यापीठाने व वऱ्हाडातील महाविद्यालयांनी ताळेबंद, जोखीम आणि दलाली यांचे शिक्षण विद्यार्थ्यांना व नोकरदारांना माफक शुल्कात द्यावे. बापाच्या कापसाचे पैसे सट्ट्यात घालण्यापूर्वी मुलाला हा हिशेब कळलाच पाहिजे. विद्यार्थी संघटनांनी ही मागणी हाती घ्यावी.