बुरशी दिसते तेवढीच नसते

पावसाळ्यात भाजीच्या टोपलीतला एखादा टोमॅटो मऊ पडतो आणि त्यावर पांढरा कापूस धरतो. ही बुरशी, म्हणजेच उर्दूतली फफूंद. अशा वेळी घरोघरी एकच प्रश्न निघतो : "तेवढा भाग कापून टाकला तर चालेल ना?" अन्न वाया घालवणे म्हणजे इस्राफ, हे आपण मुलांना लहानपणापासून सांगतो. त्यामुळे प्रश्न योग्यच आहे. त्याचे उत्तर मुलांनी स्वतः शोधावे, यासाठी हा प्रयोग.

साहित्य : एक टोमॅटो, एक गाजर, झिप असलेल्या चार पारदर्शक पिशव्या, चिकटपट्टी, थोडा सिरका, वही.

टोमॅटोच्या तीन सारख्या फोडी आणि गाजराची एक चकती करा. अर्धा तास ताटात उघड्या ठेवा. हवेत बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू असतात, ते फोडींवर बसतील. एक फोड सिरक्यात बुडवून काढा. मग थोडी हवा राहू देऊन पिशव्या बंद करा, वरून चिकटपट्टी लावा आणि आकडे लिहा.

१. टोमॅटो, खोलीत
२. टोमॅटो, फ्रिजमध्ये
३. सिरक्यातला टोमॅटो, खोलीत
४. गाजर, खोलीत

पहिल्या पिशवीशी बाकीच्या तिघींची तुलना करायची आहे. प्रत्येकीत फक्त एकच गोष्ट बदललेली आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. बुरशी कुठे आधी येईल, याचा अंदाज त्यांना सुरुवातीलाच लिहायला सांगा. मग दहा दिवस ठरलेल्या वेळी रंग, डागाचा आकार आणि पाणी सुटले का, याची नोंद करा.

पिशवी कधीही उघडू नका. प्रयोग संपला की बंद पिशव्याच कचऱ्यात टाका आणि साबणाने हात धुवा. दम्याचा त्रास असलेल्या मुलाने नोंदी लिहाव्यात, पिशव्या दुसऱ्याने हाताळाव्यात.

बहुधा फ्रिजमधली फोड मागे राहील, कारण थंडीत बुरशीची वाढ मंदावते. थांबत मात्र नाही. सिरक्याचे आम्लही तिला रोखते. लोणचे टिकते त्यामागे हेही एक कारण आहे. अंदाज चुकला तर खोडू नका. खरी नोंद शेजारी लिहा आणि असे का झाले असेल, यावर बोला.

आता मूळ प्रश्न. वर दिसणारा हिरवा-काळा डाग बहुतेक बीजाणूंचा असतो. बुरशीचे बारीक तंतू मुळांसारखे आत पसरलेले असतात. टोमॅटो, काकडी, पाव, चपाती, उरलेले सालन अशा मऊ किंवा ओलसर पदार्थांत ते किती खोल गेले, हे दिसत नाही. म्हणून असा पदार्थ पूर्ण टाकावा. गाजर, कोबी यांसारख्या घट्ट भाजीचा डाग भोवतालच्या आणि खालच्या एक इंच भागासह कापला, तर उरलेली वापरता येते. सुरी डागाला लागू देऊ नये.

"चांगले उकळले की झाले" हा समजही धोक्याचा आहे. शेंगदाणे आणि मका ओलसर राहिले तर त्यांच्यावरची एक बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते. ते यकृतावर घाव घालते आणि घरच्या शिजवण्याने नाहीसे होत नाही. 1974 मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या आदिवासी गावांत पावसात भिजलेला, बुरशी लागलेला मका खाल्ल्याने शंभरावर माणसे दगावली. घरात दुसरे धान्य नव्हते, म्हणून त्यांनी तो खाल्ला.

काही घरांत असे दाणे "कोंबड्यांना घाला" म्हणून बाजूला काढतात. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी मेले. त्यांच्या खाद्यात बुरशी लागलेल्या शेंगदाण्याची पेंड होती. त्याच शोधातून या विषाचा पत्ता लागला. दुभत्या जनावराने असे खाद्य खाल्ले तर विषाचा अंश दुधातही उतरतो.

इस्राफ टाळायचा तो आधी. पावसाळ्यात भाजी दोन दिवसांपुरतीच आणा, ती कोरडी करून ठेवा, नासलेला नग लगेच वेगळा करा. शेंगदाणे वाळवून घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. आणि दहाव्या दिवशी मुलांना आपली वही दादी-नानीसमोर वाचून दाखवू द्या.