कडी लावली का?

फर्स्ट इयरला कार्पेंट्री शॉपमध्ये टी-जॉइंट करताना प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न असतो. 'मी कॉम्प्युटरला ॲडमिशन घेतलीय, मग हा रंधा कशाला मारायचा?' मलाही पडला होता. मी तर जॉब मित्राकडून करून घेतला आणि जर्नल सीनिअरचं उतरवलं. सही मिळाली, विषय संपला. त्या प्रश्नाचं उत्तर मला थर्ड इयरला कुंभार्ली घाटात मिळालं!

माझ्या रूम पार्टनरच्या घरी भाजीच्या धंद्यातली जुनी ओम्नी आहे. मालवाहू, म्हणजे मागे सीटच नाही. मारुतीने 1984 साली आणलेली ही गाडी 2019 मध्ये बनवणं थांबवलं, पण गावोगाव अजून पळतेय. लांबी जेमतेम 3.37 मीटर, पण इंजिन पुढच्या सीटखाली असल्यामुळे मागचा भाग सपाट मोकळा मिळतो. दोघं जण पाय थोडे दुमडून आरामात झोपतात. परदेशात लोक व्हॅनमध्ये घर थाटून फिरतात, त्यांचे व्हिडिओ बघून आम्हीही दिवाळीच्या सुट्टीत गुहागरला निघालो. सामानासाठी बाजारातून प्लास्टिकचे ड्रॉवर आणले. दिसायला एकदम फक्कड.

घाट उतरताना एका वळणावर समोरून एसटी आली. पार्टनरने ब्रेक मारला आणि मागचे सगळे ड्रॉवर धाडकन उघडले. कुकर माझ्या सीटवर येऊन आदळला. एसटी गेली, गाडी पुन्हा उताराला लागली आणि पार्टनर ओरडला, "अरे, ब्रेक दबत नाहीये!" पाण्याची स्टीलची बाटली घरंगळत जाऊन पेडलखाली अडकली होती. मी हँडब्रेक ओढला, वाकून बाटली काढली. गाडी थांबली तेव्हा कठडा हातभर लांब होता. पुढची पाच मिनिटं दोघंही काही बोललो नाही.

चूक ड्रॉवरची नव्हती. घरातलं कपाट एका जागी उभं राहण्यासाठी बनवलेलं असतं. त्याला फक्त खाली ओढणारं बळ माहीत. गाडीतल्या कपाटाला पुढे, मागे, डावीकडे, उजवीकडे आणि खड्ड्यात वरसुद्धा जावंसं वाटतं! जोरात ब्रेक मारला की 20 किलोची पेटी साधारण 15 किलोच्या जोराने पुढे ढकलली जाते. आणि ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी कशावर आदळली, तर मोकळी पेटी 14 मीटर उंचीवरून पडल्यासारखी पुढे येते. म्हणजे जवळजवळ हॉस्टेलच्या चौथ्या मजल्यावरून. हे गणित आपण बारावीतच शिकलो होतो. फक्त ते आपल्या पाठीमागे ठेवलेल्या कुकरला लागू होतं, हे कुणी सांगितलं नव्हतं.

परत आल्यावर कार्पेंट्री शॉपच्या सरांकडे गेलो. आम्ही 18 एमएमचा प्लाय घेणार होतो. सर म्हणाले, "बाळांनो, बंगला बांधताय का?" 8 बाय 4 चा तो एक ताव 30 किलोच्या वर जातो. 12 एमएमचा बावीसेक किलोत बसतो. त्यातून एक लांब पेटी केली, तीच बसायचा बाक. दार पुढून नाही, झाकण वरून, कारण वर उघडणारं झाकण ब्रेक मारल्यावर सामान ओकत नाही. तरी त्याला कडी लावली. जड वस्तू तळाला आणि पुढच्या सीटला खेटून, हलक्या वर. भाजीचे दोन क्रेट जुन्या ट्यूबच्या पट्ट्यांनी आवळले. कपड्यांसाठी पार्टनरच्या आईने जुन्या जीन्सची कप्प्यांची पिशवी शिवून दिली. पेटी गाडीत आधीपासून असलेल्या बोल्टच्या जागी पट्ट्याने बांधली, एकही नवीन भोक नाही. गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, म्हणून सगळं काढता-घालता येईल असंच केलं. शेगडी मात्र गाडीबाहेरच पेटवायची. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर तळाशी साचून राहतो.

यात नवीन शोध काहीच नाही. आषाढीला दिंडीचा ट्रक बघा. मोठी पातेली खाली, अंथरुणं वर आणि सगळ्यावरून दोरखंड. त्या माणसांनी वर्कशॉपची ओरल दिलेली नाही, पण त्यांना जे कळतं ते आपल्याला डिस्टिंक्शन मिळूनही कळत नाही. कारण त्यांनी ते हाताने केलंय आणि आपण उतरवून काढलंय.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की वर्कशॉपमध्ये टी-जॉइंट करायला लावून कपाटात कुलूपबंद करण्यापेक्षा प्रत्येकाला एक वापरायची वस्तू करू द्या. कॉटखालची पेटी, पुस्तकांची फळी, काहीही. आणि सरांना विनंती, शनिवारी दुपारी शॉप उघडं ठेवा. लाकूड आम्ही आणू, झाडूही आम्हीच मारू.

गेल्या महिन्यात त्याच घाटातून पुन्हा गेलो. आता निघताना पार्टनर पेट्रोल किती आहे ते नंतर बघतो. आधी मागे वळून विचारतो, "कडी लावली का?"