ओढून पाहिलेला मुखवटा

सुटीच्या दिवसांत मोठ्या घराला वादासाठीं कांहीं तरी विषय लागतोच. आणि विषय जितका क्षुल्लक, तितका वाद अधिक रंगतो, हा अनुभव वाचकांपैकीं बहुतेकांना असेल. यंदा दिवाळीस आमचें सारें घर एकत्र जमलें असतां जो वाद माजला, तो एका कुत्र्यावरून. कुत्रा आमच्या दारचा नव्हे. तो अमेरिकेंत जन्मलेला, चित्रांतला, आणि वयानें पन्नाशी केव्हांच ओलांडलेला असा आहे. त्याचें नांव स्कूबी-डू.

माझा थोरला पुतण्या आतां चाळिशीला टेकला. तो शाळेंत असतां, १९९५ सालीं, कार्टून नेटवर्क ही वाहिनी आपल्या देशांत सुरू झाली, आणि तिच्यावर या कुत्र्याच्या जुन्या गोष्टी पाहतच तो लहानाचा मोठा झाला. माझी मुलगी त्याच्याहून सहा वर्षांनीं धाकटी. तिला हा कुत्रा प्रथम भेटला तो पुढल्या काळांतील एका चित्रपटांत. त्यामुळें दोघांचीं दैवतें एक, पण संप्रदाय भिन्न! स्कूबीच्या गोष्टींत खरें भूत असावें कीं नसावें, या प्रश्नावर हीं दोघें भावंडें फराळाच्या ताटावर इतक्या हिरिरीनें भांडलीं कीं माझ्या वहिनींना चकल्यांचा डबा उचलून आंत न्यावा लागला.

ज्या वाचकांचा या कुत्र्याशीं परिचय नसेल, त्यांच्याकरितां थोडें प्रास्ताविक अवश्य आहे. ही मालिका १३ सप्टेंबर १९६९ रोजीं, शनिवारीं सकाळीं, अमेरिकेंतील सी. बी. एस. या वाहिनीवर सुरू झाली. ती निर्माण केली हॅना-बार्बेरा या चित्रसंस्थेनें. कल्पना व लेखन जो रूबी आणि केन स्पीअर्स यांचें, आणि पात्रांचीं रूपें रेखाटलीं इवाओ ताकामोतो यांनीं. हे ताकामोतो जपानी वंशाचे अमेरिकन. दुसऱ्या महायुद्धांत त्यांच्या कुटुंबाला मॅन्झानार येथील छावणींत स्थानबद्ध होऊन राहावें लागलें, आणि चित्रकलेचे पहिले धडे त्यांनीं तेथेंच घेतले. ग्रेट डेन जातीच्या उत्तम कुत्र्याचीं लक्षणें कोणतीं, हें त्यांनीं एका जाणकाराकडून विचारून घेतलें, आणि नेमकें त्याच्या उलट चित्र काढलें! सरळ पायांच्या जागीं वांकडे पाय, आणि बांधेसूद हनुवटीच्या जागीं लोंबती.

कथेचा सांचा ठरलेला असे. फ्रेड, डॅफनी, व्हेल्मा व शॅगी हीं चार तरुण मुलें, आणि त्यांचा हा भित्रा व खादाड कुत्रा, एका रंगीबेरंगी गाडींतून गांवोगांव हिंडत असतात. कोठें तरी भुताची वार्ता उठलेली असते. मुलें तेथें जातात, भितात, पळतात, माग काढतात, आणि अखेरीस भूत सांपळ्यांत अडकल्यावर त्याचा मुखवटा ओढून काढतात. मुखवट्याखालीं दर वेळीं माणूसच निघतो. आणि तो, या पोरांनीं लुडबूड केली नसती तर आपला बेत तडीस गेला असता, अशी तक्रार करीत चौकीवर जातो.

या सांच्यामागेंहि एक इतिहास आहे. १९६८ सालीं रॉबर्ट केनेडी यांची हत्या झाली. आणि त्या काळांत, शनिवारच्या चित्रमालिकांतून लहान मुलांना दाखविली जाणारी मारामारी पुरे झाली, अशी ओरड तिकडील पालकांनीं चालविली होती. तेव्हां मारामारीवांचून मुलांना खिळवून ठेवील असें कांहीं तरी वाहिनीला हवें होतें. प्रथम जो आराखडा सिद्ध झाला, त्यांतील चित्रें मुलांच्या मानानें फार भीतिदायक आहेत म्हणून तो वरिष्ठांनीं नाकारला. मग कुत्र्याला पुढें आणण्यांत आलें, आणि भीतीला हास्याची जोड मिळाली. म्हणजे, आपल्या मुलांनीं किती भ्यावें, या प्रश्नाची काळजीपूर्वक मोजदाद करूनच ही मालिका जन्मास आली, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

माझ्या पुतण्याचा पक्ष या जुन्या सांच्याचा. तो म्हणाला, "काका, या गोष्टींतलें भूत कधींहि उगाच येत नाहीं. त्याला कांहीं तरी लपवायचें असतें. पहिल्याच भागांतला काळा सरदार घ्या. चिलखत घालून वस्तुसंग्रहालयांत वावरणारें तें भूत म्हणजे त्या संग्रहालयाचाच व्यवस्थापक! खरीं चित्रें पळवून त्यांच्या जागीं नकली टांगण्याचा त्याचा धंदा. भूत म्हणजे लोकांनीं जवळ येऊं नये म्हणून लावलेली पाटी, एवढें एकदां मुलाला कळलें, कीं त्याला आयुष्यभर पुरतें."

त्याच्या म्हणण्यांत तथ्य आहे. अमक्या वाड्यांत कांहीं तरी आहे अशी आवई उठली, कीं वाड्याची किंमत उतरते. आणि ती उतरल्यावर तो कोण घेतो हें पाहिलें, तर आवईचा उगम पुष्कळदां सांपडतो. सुप्रसिद्ध खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांनींहि १९९५ सालच्या आपल्या एका ग्रंथांत या मालिकेचा गौरवानें उल्लेख केला आहे. अद्भुताचा प्रत्येक दावा नीट तपासून त्याचें साधें कारण दाखविणारी अशी मालिका प्रौढांसाठीं निघाली, तर ती मोठीच लोकसेवा होईल, असा त्यांचा आशय होता.

आतां दुसरा पक्ष. १९९८ सालीं 'स्कूबी-डू ऑन झॉम्बी आयलंड' हा चित्रपट चित्रफितीच्या रूपानें घरोघरीं आला. त्याच्या आरंभीं मंडळी पांगलेली आहे, कारण दर वेळीं मुखवट्याखालीं माणूसच निघतो याचा त्यांना कंटाळा आला आहे. डॅफनी आतां दूरचित्रवाणीवर कार्यक्रम करते आणि एखादें तरी खरें भूत मिळावें म्हणून शोधांत आहे. सारीं पुन्हां एकत्र येऊन लुइझियाना प्रांतांतील दलदलींतल्या एका बेटावर जातात. तेथें जमिनींतून चालतीं प्रेतें उठतात. फ्रेड आपल्या जुन्या संवयीनें पुढें सरसावतो, एका प्रेताचा मुखवटा ओढूं लागतो, आणि मुखवट्याऐवजीं त्या प्रेताचें सबंध डोकेंच त्याच्या हातांत येतें!

या एका प्रसंगानें स्कूबीच्या चाहत्यांत जी फूट पाडली, ती आजतागायत सांधली गेलेली नाहीं. तत्पूर्वीं मालिकेंत खरीं भुतें आलींच नव्हतीं असें नाहीं. १९८५ मध्यें तेरा भुतांची एक मालिकाच निघाली होती, आणि १९८८ च्या एका चित्रपटांत तर भुतांच्या मुलींची शाळाच होती. परंतु तो सारा थट्टेचा मामला. त्या भुतांना कोणी भीत नसे. १९९८ च्या चित्रपटांत मात्र भीति खरी होती. "हा विश्वासघात आहे," असें पुतण्या म्हणतो. "तीस वर्षें मुलांना जें वचन दिलें, तें मोडलें!"

माझी मुलगी यावर उसळून म्हणाली, "दादा, मुखवटा निघणारच हें आधींपासून ठाऊक असेल, तर तो ओढण्यांत धैर्य तें कोणतें? ती तपासणी राहत नाहीं, ती पूजा होते. शिवाय तूं गोष्ट नीट पाहिलीच नाहींस. तीं प्रेतें वाईट नसतातच मुळीं. तीं बिचारीं बेटावर बळी गेलेलीं माणसें. पाहुण्यांना सावध करण्यासाठीं उठलेलीं. खऱ्या घातकी निघतात त्या घरांत आदरातिथ्य करणाऱ्या दोघी गोड बायका. मुखवटा तेथेंहि आहे. फक्त तो भुताच्या तोंडावर नाहीं, यजमानणीच्या तोंडावर आहे."

दोन्ही पक्ष ऐकून माझें जें मत बनलें तें येथें नम्रपणें मांडतों. भुतें आहेत कीं नाहींत, हें सांगण्यासाठीं ही मालिका निर्माण झाली, असें समजण्यांत दोघांचीहि थोडी चूक होते. हा कुत्रा इतकीं वर्षें टिकला तो उत्तरामुळें नव्हे. जवळ जाऊन ओढून पाहण्याच्या त्या एका कृतीमुळें. चिलखताखालून व्यवस्थापक निघो किंवा धडावरून डोकें निघो, फ्रेडचा हात दोन्ही वेळां सारखाच पुढें होतो. जो हात केवळ हव्या त्या उत्तरासाठीं पुढें होतो, तो शोध करीत नाहीं. म्हणून १९९८ चा चित्रपट मला जुन्या गोष्टींचा शत्रु वाटत नाहीं. त्यानें त्या गोष्टींची कसोटी घेतली, एवढेंच.

पुढें २०१० ते २०१३ या काळांत 'मिस्टरी इन्कॉर्पोरेटेड' या नांवाची ५२ भागांची एक मालिका झाली. तींत हा विचार वडीलमाणसांवर उलटविला आहे. क्रिस्टल कोव्ह हें मुलांचें गांव. भुतांच्या ख्यातीवर तेथें प्रवासी येतात आणि गांवाचें पोट भरतें. मुलें एकेक मुखवटा ओढूं लागतात, तेव्हां संतापतात तीं त्यांचीं आईबापें आणि नगराध्यक्ष! हें पाहतांना मला हसूं आलें, आणि लगेच थोडी लाजहि वाटली. लाज कां वाटली तें सांगतों.

पुतण्याचा मुलगा आठ वर्षांचा आहे. आत्याच्या मांडीवर बसून त्यानें तो बेटाचा चित्रपट पाहिला, आणि त्या दिवसापासून अंधार पडल्यावर परसांत जाईना. आमच्या परसाच्या टोकाला एक पडका गोठा आहे. धनत्रयोदशीच्या संध्याकाळीं मी त्याला म्हटलें, "बाळ, तेथें कांहीं नाहीं." त्यानें माझ्याकडे पाहिलें आणि अगदीं सरळपणें विचारलें, "आजोबा, तुम्ही रात्रीं जाऊन पाहिलें आहे कां?"

मीं पाहिलें नव्हतें. याच घरांत पासष्ट वर्षें काढलीं; पण आमच्या आजीनें लहानपणीं त्या गोठ्याविषयीं जें सांगितलें होतें, त्यानंतर दिवेलागणीनंतर त्या टोकाला मी एकदांहि गेलेला नाहीं. तिला मीं भीति असें नांव कधींच दिलें नाहीं. काम पडलें नाहीं, असें मी म्हणत असें. पोराला मात्र मी छातीठोकपणें सांगत होतों कीं तेथें कांहीं नाहीं.

विजेरी घेऊन आम्ही दोघे गेलों. गोठ्याच्या दाराशीं मी थबकलों, हें कबूल करतों. आंत वाशावर कांहीं तरी हलत होतें. पोरानें माझा हात सोडला, दोन पावलें पुढें होऊन तें खालीं ओढलें, आणि तो शिंकला. कधीं काळीं वाळत टाकून विसरलेलें तें एक पोतें होतें.

"आज नाहीं," पोतें न्याहाळीत तो गंभीरपणें म्हणाला. "पण परवां अमावास्या आहे. परवांहि पाहिलें पाहिजे."

लक्ष्मीपूजन आटोपल्यावर एक पणती घेऊन आम्ही पुन्हां गेलों. गोठा रिकामा होता. पणती तेथेंच ठेवून परत आलों, आणि घडलेली हकीकत घरांत सांगितली. पुतण्या म्हणाला, "पाहा, भूत नव्हतेंच, माझा पक्ष सिद्ध झाला." मुलगी म्हणाली, "भूत असेल असें वाटलें म्हणूनच तो पाहायला गेला, पक्ष माझा." वहिनींनीं चकल्यांचा डबा पुन्हां आंत नेला.