नखरे नव्हेत, आजार!

परवा एका कार्यात पुन्हा तेच ऐकलं. "पोरीचे जेवणाचे नखरे फार. दोन धपाटे घाला, सुधारेल."

मंडळी, मधुमेह झाला तर धपाटे घालाल का हो? वजनाच्या धास्तीनं अन्न तोडणं म्हणजे अ‍ॅनोरेक्सिया. गायिका कॅरन कार्पेंटर १९८३ साली त्यापायीच गेली, वयाच्या ३२व्या वर्षी. जेवून गुपचूप ओकणाऱ्यांचं पोटॅशियम घटतं, हृदय दगा देऊ शकतं. दृष्ट काढून ते भरून येत नाही. त्याला मानसोपचारतज्ज्ञच लागतो, सोबत आहारतज्ज्ञ.

'लोक काय म्हणतील' करत मीही लेकीची दोन वर्षं घालवली. आज ती पोटभर जेवते, पण ती वर्षं गेली ती गेलीच. तुम्ही घालवू नका. कुठे जावं कळत नसेल तर १४४१६ फिरवा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीतही बोलतात.

असो. राग आला तरी चालेल, फोन करा.