उमेदवाराचा पैसा आणि मतदारांचा कौल

परदेशातील एखाद्या विधिमंडळात मराठी आडनावाची व्यक्ती निवडून आली की येथे अभिमानाची लाट उसळते. तसे होणे स्वाभाविक आहे. तथापि अशी निवड कोणत्या परिस्थितीत व कोणत्या नियमांखाली झाली, याचा विचार क्वचितच केला जातो. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात मिशिगन राज्याच्या तेराव्या मतदारसंघातून 2022 मध्ये निवडून आलेले डॉ. श्री ठाणेदार यांचे उदाहरण या दृष्टीने अभ्यसनीय आहे.

ठाणेदार यांचा जन्म 1955 मध्ये चिकोडीचा. बालपण बेळगावात, हलाखीत गेले. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाची पदवी आणि मुंबई विद्यापीठाची रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळवून, भाभा अणुसंशोधन केंद्रात काही काळ काम करून ते 1979 मध्ये अमेरिकेस गेले. ॲक्रन विद्यापीठात डॉक्टरेट झाल्यावर त्यांनी सेंट लुइस येथे रासायनिक पृथक्करणाची एक छोटी प्रयोगशाळा विकत घेऊन तिचा मोठा विस्तार केला. ‘ही श्रीची इच्छा’ या त्यांच्या आत्मकथनामुळे ही वाटचाल मराठी वाचकांना परिचित आहे. पुढे मंदीच्या तडाख्यात कर्जे थकली आणि 2010 मध्ये तो उद्योग त्यांच्या हातून गेला. त्याच वर्षी त्यांनी मिशिगनमध्ये दुसरी प्रयोगशाळा उभारली आणि 2016 मध्ये तिचा मोठा हिस्सा विकला. या विक्रीने राजकारणासाठी लागणारे भांडवल त्यांच्या हाती आले.

2018 मध्ये त्यांनी थेट राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाची उमेदवारी मागितली. सर्वांसाठी सरकारी आरोग्यविमा आणि ताशी 15 डॉलर किमान वेतन हा त्यांचा कार्यक्रम होता. पदरचे एक कोटी डॉलरहून अधिक खर्चूनही त्यांना सुमारे 18 टक्के मते मिळाली व ते तिसरे आले. ग्रेचेन व्हिटमर 52 टक्के मतांनी विजयी झाल्या. पैशाने निवडणूक विकत घेता येते, असे सरसकट म्हणणाऱ्यांनी हा निकाल ध्यानात ठेवला पाहिजे. ठाणेदार मात्र खचले नाहीत. ॲन आर्बर सोडून ते डेट्रॉइटमध्ये राहावयास गेले, 2020 मध्ये राज्य विधिमंडळात निवडून आले आणि दोन वर्षांनी काँग्रेसच्या रिंगणात उतरले.

2022 ची खरी लढत ऑगस्टमधील पक्षांतर्गत प्राथमिक निवडणुकीतच झाली. आपल्याकडे उमेदवारी पक्षश्रेष्ठी देतात. अमेरिकेत ती मतदार देतात. डेमोक्रॅटिक पक्षाच्या या बालेकिल्ल्यात ज्याला उमेदवारी मिळाली त्याची निवड निश्चितच होती. रिंगणात नऊ उमेदवार होते. ठाणेदार यांना सुमारे 28 टक्के, तर दुसऱ्या क्रमांकावरील ॲडम हॉलियर यांना सुमारे साडेतेवीस टक्के मते पडली. दक्षिणेकडील काही राज्यांत कोणासही बहुमत न मिळाल्यास मतदानाची दुसरी फेरी होते. मिशिगनमध्ये तशी तरतूद नाही. साहजिकच पावणेआठ लाख लोकवस्तीच्या मतदारसंघाचे भवितव्य सुमारे 22 हजार मतांनी ठरले. नोव्हेंबरमध्ये ठाणेदार 71 टक्के मतांनी विजयी झाले, परंतु ती केवळ औपचारिकता होती.

ज्या शहराची तीनचतुर्थांशांहून अधिक वस्ती कृष्णवर्णीय आहे, त्या डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय प्रतिनिधी 1955 नंतर प्रथमच काँग्रेसमध्ये उरला नाही. हे टाळण्यासाठी कृष्णवर्णीय नेत्यांच्या एका समितीने हॉलियर यांच्यामागे एकजूट होण्याचे आवाहन केले होते. मतविभागणीमुळे ते निष्फळ ठरले. लोकवस्ती अठरा लाखांवरून साडेसहा लाखांच्याही खाली आलेल्या आणि 2013 मध्ये दिवाळखोरी जाहीर करावी लागलेल्या या शहराच्या दृष्टीने ही हानी केवळ भावनिक नव्हती. मात्र डेट्रॉइटच्या मतदारांनी पैशाला भुलून मत दिले, असे म्हणणेही अन्यायाचे होईल. दारिद्र्यातून वर आलेल्या माणसाची कहाणी त्यांना आपलीशी वाटली असणे सहज शक्य आहे.

प्रश्न आहे तो नियमांचा. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1976 मध्ये बकली खटल्यात असा निर्वाळा दिला की, उमेदवाराने स्वतःचा पैसा किती खर्चावा यावर मर्यादा घालणे हे अभिव्यक्तिस्वातंत्र्यावरील आक्रमण होय. 2010 च्या निर्णयाने कंपन्या व संघटनांच्या स्वतंत्र प्रचारखर्चालाही मोकळे रान मिळाले. परिणामी 2022 च्या या लढतीत एकीकडे ठाणेदार यांचे स्वतःचे पन्नास लाखांहून अधिक डॉलर होते, तर दुसरीकडे हॉलियर यांच्या बाजूने इस्रायलसमर्थक गटाच्या प्रचारसंस्थेने चाळीस लाखांहून अधिक डॉलर ओतले. ज्यांच्यापाशी स्वतःची संपत्ती नव्हती आणि बाहेरचा आश्रयदाताही नव्हता, त्यांचा आवाज मतदारांपर्यंत पोहोचणेच दुरापास्त झाले. अर्थशास्त्राच्या परिभाषेत सांगायचे तर बाजारात प्रवेश करण्याचा खर्चच इतका वाढला की स्पर्धा नावापुरती उरली.

स्वतःच्या पैशावर निवडून आलेला प्रतिनिधी देणगीदारांचा बांधील नसतो, हा युक्तिवाद वजनदार आहे. परंतु अशा प्रतिनिधीमागे संघटनेची शिस्तही नसते. इस्रायलवर कठोर टीका करणाऱ्या ठरावाला ठाणेदार यांनी 2021 मध्ये पाठिंबा दिला. नंतर ती भूमिका बदलली आणि ऑक्टोबर 2023 मध्ये समाजवाद्यांच्या संघटनेचे सदस्यत्वही सोडले. 2024 ची प्राथमिक निवडणूक त्यांनी सुमारे 55 टक्के मतांनी जिंकली. त्या खेपेस हॉलियर यांचा अर्ज वैध स्वाक्षऱ्यांअभावी बाद झाला होता. एप्रिल 2025 मध्ये ठाणेदार यांनी अध्यक्ष ट्रम्प यांच्याविरुद्ध महाभियोगाची सात कलमे मांडली. पक्षातील ज्येष्ठांचा पाठिंबा नसल्याने मे महिन्यात मतदानाचा आग्रह सोडून द्यावा लागला. स्वातंत्र्य आणि एकाकीपणा ही एकाच नाण्याची दोन अंगे ठरली.

आपल्याकडे लोकसभेच्या उमेदवारासाठी 2022 मध्ये मोठ्या राज्यांत 95 लाख रुपयांची खर्चमर्यादा ठरविण्यात आली; तथापि ती पक्षाच्या सर्वसाधारण प्रचारखर्चाला लागू नाही. म्हणजे अमेरिकेत पैसा उघडपणे मोजता येतो पण रोखता येत नाही, आणि येथे तो कागदावर रोखला जातो पण पुरता मोजता येत नाही. बेळगावचा एक गरीब मुलगा वॉशिंग्टनला पोहोचला याचा आनंद अवश्य मानावा. परंतु त्याच्याइतकाच कष्टाळू, मात्र निर्धन राहिलेला डेट्रॉइटचा एखादा शिक्षक वा कारकून त्या वाटेने जाऊ शकेल काय, हा प्रश्न त्या आनंदात बुडून जाता कामा नये. लोकशाहीची कसोटी या दुसऱ्या माणसाला मिळणाऱ्या संधीवरच लागते.